उलटा शनिवार

बुध., ६ ऑगस्ट १९३०

वादसभेला विषय मिळाला एकदाचा. हेडमास्तरांनीच सुचवला : 'आज्ञापालन हाच विद्यार्थ्याचा श्रेष्ठ गुण होय.' कुणाच्या डोळ्यावर येणार नाही, म्हणाले. मार्शल लॉ उठून महिना होऊन गेला तरी आमच्या सरकारी शाळेत सगळे अजून दबक्या पावलांनी चालतात. विषय कसला, आजाऱ्याची पेज. तरी हो म्हटलं. सभा चालू राहतेय हेच खूप.

मधल्या सुट्टीत चिठ्ठ्या काढल्या. नियम जुनाच, मीच घालून दिलेला. बाजू चिठ्ठी ठरवील, आणि या शनिवारी जो ज्या बाजूने बोलेल त्याने पुढच्या शनिवारी त्याच्या उलट बोलायचं. पोरं त्याला 'उलटा शनिवार' म्हणतात. इंग्रजी सातवीतल्या, म्हणजे मॅट्रिकच्या, अंबादासला 'विरुद्ध' आली. हसला. म्हणाला, "म्हणजे सर, आज्ञा पाळायला पुढच्या शनिवारपर्यंत सवड आहे." मॅट्रिकच्या वर्गात असा एक पोरगा मिळाला की मास्तराचं साल बरं जातं.

दाढ दुखते. लवंग धरली आहे.

शनि., ९ ऑगस्ट

सभा झाली. हॉल भरलेला. हे.मा. अध्यक्ष. घंटेशी इमामसाब शिपाई, नेहमीसारखा स्टुलावर.

उन्हाळ्यात या हॉलमध्ये गोऱ्या शिपायांचा तळ होता. शेवटच्या खांबाशी त्यांनी चूल मांडली होती. चुन्याचे दोन हात देऊन झाले, तरी काळं वर येतंच. मी पोरांना दरवेळी सांगतो, माझ्याकडे बघू नका, त्या खांबाशी बोला. त्याला ऐकू गेलं की सगळ्यांना गेलं.

बाकीच्यांनी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. श्रावणबाळ, एकलव्य, सगळे येऊन गेले. मग अंबादास उभा राहिला. हातात कागद नाही. जेवढं आठवतं तेवढं लिहून ठेवतो :

"अध्यक्ष महाराज, मे महिन्यात आमच्या आळीच्या तोंडाशी शिपाई उभा होता. म्हणाला, टोपी काढ. माझ्यापुढे म्हातारी माणसं होती, त्यांनी काढली. मग मी काढली. त्या दिवशी आमच्या आळीत आज्ञा मोडणारा एकही नव्हता. आमच्यातला श्रेष्ठ गुण त्या दिवशी दिसला, असं ज्यांना वाटतं त्यांनी कृपा करून हात वर करावा."

आणि थांबला. एवढ्या हॉलमध्ये एक हात वर नाही. पहिली टाळी वाजली ती हे.मां.ची. मग बाकं बडवली पोरांनी.

अंगावर काटा आला हे खरं. घरी येताना मात्र दोनदा मागे वळून पाहिलं.

रवि., १० ऑगस्ट

सकाळीच अंबादास ओट्यावर हजर. उलट्या शनिवारचं भाषण ऐकवायला आला होता. मी म्हटलं, अरे, कालच्या घशाला जरा विसावा तरी दे. म्हणाला, "सर, ही बाजू अवघड आहे, म्हणून रात्रभर सुटली नाही."

ऐकलं. म्हणाला, आमच्या घरी माग आहे. ताण्यात हजार सुतं आहेत, एकेक सूत आपल्या जागेवर राहतं म्हणून लुगडं होतं. एकाने जागा सोडली की सगळ्या कापडाला डाग. सुताला विचारलं तर ते म्हणेल मला बांधून घातलंय. कापडाला विचारा. असं काहीसं. मी चहाचा कप हातात धरून बसलो, चहा निवला. कालच्यापेक्षा सरस होतं. आणि बोलताना त्याचे डोळे चमकत होते, त्याचं त्यालाच नवल वाटत असल्यासारखे.

रमाने त्याला धपाटं आणि दही दिलं. तो गेल्यावर मला म्हणाली, "काल एक बोलला, आज एक. अशा माणसाला जेवायला कुठल्या पंगतीत बसवायचं?" माहेर अक्कलकोटचं तिचं, तिथं लहानपणापासून मराठी-कानडी दोन्ही भाषांत टोमणे शिकवतात.

म्हटलं, दोन्ही पंगतींत जेवता आलं पाहिजे, तेच तर शिकवतो.

सोम., ११ ऑगस्ट

हे.मां.नी बोलावलं. दार लावून घेतलं. कलेक्टरच्या कचेरीतून विचारणा आलीय. शनिवारचं भाषण तिथं पोचलं, अक्षरन् अक्षर. कुणी पोचवलं कळायला मार्ग नाही. हॉलमध्ये दोनशे पोरं आणि आम्ही सगळे मास्तर.

मागणी अशी : मुलाने सर्वांसमक्ष माफी मागावी, पुन्हा असं बोलणार नाही असं लिहून द्यावं. नाहीतर रस्टिकेट. दोन वर्षं. इलाख्यातली एकही शाळा दारात उभं करणार नाही. मॅट्रिक गेलंच समजायचं.

मी म्हटलं, साहेब, बाजू त्याची नव्हे, चिठ्ठीची. हे.मा. म्हणाले, "चिठ्ठीला रस्टिकेट करता येत नाही हो."  उठताना हळूच विचारलं, "मी टाळी वाजवली, ते कुणी पाहिलं असेल का?"

माणूस वाईट नाही. पेन्शन जवळ आली आहे.

मंगळ., १२ ऑगस्ट

मार्ग काढला. मीच. लेखी काही नको, माफीचा शब्दही नको. येत्या शनिवारी तो आज्ञापालनाच्या बाजूने बोलणारच आहे, सभेची रीतच तशी. कचेरीतला माणूस ऐकायला बोलवायचा. तो ऐकेल, तसं कळवेल, प्रकरण मिटेल. सापही मरेल, काठीही मोडणार नाही.

हे.मां.ना इतका आनंद झाला की चहा मागवला. "तुमची ती सभा एवढ्या कामाला येईल असं वाटलं नव्हतं," म्हणाले. दुपारपर्यंत कचेरीचा होकारही आला.

घरी आलो तो जरा ताठ मानेनेच. रमाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पोराला विचारलंत?"

विचारायचं काय त्यात? भाषण तर तयार आहे.

बुध., १३ ऑगस्ट

विचारलं.

शाळा सुटल्यावर हॉलमध्येच बोललो. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "मग ते मला बोलता येणार नाही, सर."

"अरे, रविवारी माझ्या ओट्यावर बोललासच की."

"रविवारी बोललो. आणि खरं सांगू, मला ते पटायलाही लागलं होतं. आता बोललो की ती माफी."

"शब्द तर तेच आहेत."

"हो सर. शब्द तेच आहेत."

मी खूप समजावलं. नाटकातला राजा पायउतार झाला म्हणून नट भिकारी होतो का. सगळी हत्यारं वापरली. तो खाली बघत होता. शेवटी म्हणाला, "तुम्ही आम्हाला दोन्ही बाजू दिल्या. तुमची बाजू कुठली, सर?"

मी म्हटलं, "मी बाजू वाटतो. घेत नाही." वर्गात टाळी घेईल असं वाक्य. तो हसला नाही.

गुरु., १४ ऑगस्ट

अंबादासचा बाप शाळेत आला होता. नरसय्या. व्हरांड्यात चपला काढून उभा. घरी तेलुगू, बाहेर हे असलं मराठी. कुणीतरी त्याला सगळं सांगितलेलं दिसलं.

"मास्तर, त्यो बोलंल. मी सांगितलोय. तुमी सांगताव तसंच बोलंल की."

मी म्हटलं, तो नाही म्हणतोय.

"पोरगं हाय, नाय म्हणतंय. माज्या बापाचे पाय मागाच्या खड्ड्यात गेले, माजे गेले. ह्याचे तरी वर राहू द्या म्हणून साळंला घातलो. एवढं एक शनिवारचं काम हाय. तुमी डोळे वटारा, बोलंल."

डोळे वटारायचं कबूल केलं. तो पाया पडायला वाकला तेव्हा मागे सरकलो. खाली बघतो तर धोतराच्या सोग्याला निळा रंग लागलेला, मागावरून तसाच उठून आला होता.

शनि., १६ ऑगस्ट

लिहायला बसलो आहे, पण

कचेरीचा माणूस पहिल्या रांगेत. बूट, काठी, मांडीवर टोपी. हे.मा. त्याच्या शेजारी, उकाडा नसताना घाम पुसत. बाकीची भाषणं झाली. अंबादासचं नाव मीच पुकारलं. तो आला. सदरा धुतलेला, केस पाण्याने बसवलेले. मला वाटलं, बापाने जिंकलं. हायसं वाटलं, हे लिहून ठेवतो.

जागेवर उभा राहिला. "अध्यक्ष महाराज," म्हणाला. आवाज खणखणीत, खांबापर्यंत गेला.

आणि मग काही नाही.

आधी वाटलं, आठवतोय. मग कळलं. हात दोन्ही बाजूंना, नजर शेवटच्या खांबावर, तोंड मिटलेलं. रागाने नव्हे. आपली वेळ आपण पूर्ण घेणार असं उभं राहणं. पोरं हलेनात.  कचेरीच्या माणसाने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, तिचा आवाज झाला तेवढाच.

वेळ झाली की मी मान हलवायची आणि इमामसाबने घंटा द्यायची, अशी पद्धत. वेळ होऊन गेली. माझी मान हलेना. का हलेना ते सांगता येत नाही. घंटा झाली असती तर त्याचं भाषण पुरं झालं असतं, मग ते कसलंही असो. इमामसाब माझ्याकडे बघत बसला, हातात घंटेची हातोडी.

शेवटी कचेरीचा माणूस उठला. हे.मा. त्याच्या मागे. मग मास्तर. मग पोरं, बाकं न वाजवता. मीही गेलो. दारातून वळून पाहिलं तर तो अजून तसाच उभा. समोर सगळी बाकं रिकामी.

सोम., १८ ऑगस्ट

हुकूम निघाला. दोन वर्षं. कारण : 'उद्धट वर्तन व आज्ञाभंग.' गंमत बघा. पहिल्या शनिवारी बोलला ते चालवून घेतलं असतं. दुसऱ्या शनिवारी बोलला नाही, म्हणून गेला.

हे.मा. म्हणाले, "एक वाक्य म्हटलं असतं तरी मी सांभाळून घेतलं असतं." खरं असावं. मलाही हेच म्हणायचं होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकताना किळस आली. माझीच.

हजेरीपटावरचं नाव तांबड्या शाईने खोडलं. ते काम वर्गशिक्षकाचं.

शुक्र., २२ ऑगस्ट

काही विशेष नाही. दाढ काढून टाकली. डॉक्टर म्हणाला, दोन दिवस बोलू नका. बरं वाटलं.

सोम., १ सप्टें.

सकाळी हजेरी घेत होतो. सवयीने जीभ घसरली, खोडलेलं नाव वाचलं गेलं. "अंबादास." वाचल्यावर लक्षात आलं. 

मागून आवाज आला, "हजर."

मान वर केली. सगळी तोंडं पुस्तकांत. कुणाचे ओठ हललेले नाहीत. आवाज तोच होता असं मी शपथेवर सांगणार नाही. पण तसाच, मागच्या भिंतीला लागून परत येणारा. शेजारच्या वर्गातल्या मास्तरांनीही ऐकला, दारात डोकावून गेले.

कोण ते विचारलं नाही. पुढचं नाव घेतलं.

गुरु., ४ सप्टें.

आज नाव वाचलंच नाही. त्याच्या आधीचं वाचलं, नंतरचं वाचलं. मध्ये जेवढा श्वास घेतला तेवढ्यात कान मागे लागलेले. काही आलं नाही. आलं नाही त्याने जास्त बेचैन झालो.

शनि., ६ सप्टें.

वादसभेची चिठ्ठ्यांची पेटी घेऊन बसलो. एक पोरगा फिरकला नाही. निरोप धाडला. दोघे आले, म्हणाले, "सर, आमच्या घरून बोलायला बंदी आहे." किती सरळ सांगितलं.

हॉलमध्ये एकटाच बसलो थोडा वेळ. काळ्या खांबाकडे बघितलं. बोलावं वाटलं काहीतरी, मोठ्याने. घसा साफ केला, त्याचाच आवाज एवढा मोठा आला की उठून बाहेर पडलो.

इमामसाब किल्ल्या घेऊन दारात. म्हणाला, "मास्टर, सांज कू मैं अंदर नई जाता. बाहर सेच ताला लगाता."

"का रे?"

"लगता कोई खडा है. घंटी की राह देखरा." मग किल्ली फिरवत, "तुम गर्दन नई हिलाए ना उस दिन."

साठीचा माणूस आहे, भुताखेतांच्या गोष्टी सांगणारा नव्हे. मी हसण्यावारी न्यायला गेलो, जमलं नाही. म्हणजे माझ्या एकट्याच्याच डोक्यात नाही तर. त्याची वेळ संपल्याची घंटा खरोखरच झालेली नाही.

दसरा

पोरं सोनं द्यायला आली. अंगण भरलं आपट्याच्या पानांनी. गेल्या साली अंबादास सगळ्यांत आधी आला होता. या साली रमाने एक लाडू ताटलीत झाकून ठेवला, कुणासाठी ते बोलली नाही. दिवेलागणीला तिनेच मोलकरणीच्या पोरीला दिला.

"त्यांच्या आळीत जाऊन आलात का एकदा तरी?"

म्हटलं, सरकारी नोकर आहे, रस्टिकेट झालेल्याच्या घरी गेलो तर डोळ्यावर येतं.

"तुमच्या डोळ्यांचं काय?" म्हणाली. डोळे बरेच दिवस लाल आहेत. झोप लागत नाही.

बुध., १२ नोव्हें.

नरसय्या आला. शाळेत नव्हे, घरी. ओट्याच्या पायरीवर बसला, वर येईना. मला वाटलं शिव्या द्यायला आला. दिल्या असत्या तर ऐकून घेतल्या असत्या.

"मास्तर, पोरगं बोलत न्हाई."

म्हटलं, रागावला असेल.

"राग न्हाई. जेवतंय, मागावर बसतंय. माज्यापेक्षा चांगलं इणतंय. पण बोलतच न्हाई. त्या शनिवारपासनं. आई रडली, तरी न्हाई. बहिणीचं लगीन ठरलं, तरी न्हाई. मी रोज म्हणतो, माट्लाडु रा, बोल की रे एक शब्द. बघतंय नुसतं." नाक पुसलं. "डाक्टर म्हणतोय घसा चांगला हाय. देवरुषी झाला. तुमी बोलायला शिकिवलाव. आता तुमीच बोलवा."

रमा आतून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "एन माडोदु आता?" माहेरची भाषा तिला फारच अडचण असली की आठवते. मलाही ठाऊक नव्हतं काय करायचं.

तीन महिने. इमामसाब म्हणतो हॉलमध्ये कुणी उभं आहे. हॉलमध्ये कशाला? तो त्याच्या घरीच उभा आहे तसा. "अध्यक्ष महाराज" म्हणून, पुढचं गिळून.

शनि., १५ नोव्हें.

उद्या जायचं ठरवलं.

रवि., १६ नोव्हें.

गेलो नाही. पाहुणे आले. पाहुणे दुपारी गेले, तरी गेलो नाही.

रवि., २३ नोव्हें.

गेलो.

साखर पेठेत वळलं की आधी कान भरतात. दोन्ही बाजूंनी माग, खटाक खटाक, बोलायचं तर ओरडूनच. त्याचं घर म्हणजे एक खोली, निम्म्याहून जास्त मागाने खाल्लेली. आई कांड्या भरत होती. अंबादास खड्ड्यात पाय सोडून बसलेला. नरसय्याला जे वर ठेवायचे होते ते पाय. मला पाहिलं, हात जोडले, परत धोटा फेकू लागला.

बारीक झालाय. मिसरूड फुटलंय.

मी पेटीवर बसलो. आधी अभ्यासाचं बोललो. दोन वर्षं म्हणजे फार नाही, बाहेरून बसता येईल, पुस्तकं मी देईन. माग चालू. मग म्हटलं, "चुकलं माझं. मी विचारायला हवं होतं." माग चालू. मग म्हटलं, "अंबादास, तुझी घंटा झाली नाही त्या दिवशी. तुझी वेळ अजून संपलेली नाही." धोटा एक क्षण अडकला असं वाटलं. सूत तुटलं होतं. त्याने जोडलं.

आईने पाणी दिलं. तिला मराठी येत नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला म्हणे शाळेतला सगळ्यांत चांगला बोलणारा मास्तर समजतात.

गुरु., ४ डिसें.

रात्रंदिवस एकच वाक्य. तुमची बाजू कुठली, सर. वर्गात फळ्याकडे तोंड केलं की पाठीमागून. पूर्वी आवाज ऐकू यायचा, आता आवाज नाही, नुसता प्रश्न.

एवढी वर्षं दोन्ही पंगतींत पोरांना जेवायला बसवलं. आपण वाढपी. वाढपी उपाशीच राहतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

रवि., ७ डिसें.

परत गेलो. रमाला सांगितलं नाही, तिला कळलंच. कोटाचं बटण लावून दिलं.

तो मागावर. नरसय्या भिंतीशी. पेटीवर बसलो नाही, उभा राहिलो. म्हटलं, "अध्यक्ष महाराज." कुणी अध्यक्ष नाही, एक माग. त्याने वर पाहिलं नाही.

बोललो. विरुद्ध बाजूने. त्याचंच भाषण घेणार होतो, तेही पाठ आहे मला. पण तोंडातून ते आलं नाही, माझं आलं. उन्हाळ्यात हॉलमध्ये शिपाई आले तेव्हा किल्ली द्यायला हे.मां.नी मला पाठवलं होतं, ते. मी किल्ली दिली आणि वर 'थँक यू' म्हणालो, ते. पोराला जे म्हणायचं नाही ते म्हणायला लावणं ही शिस्त नव्हे, आणि जे म्हणायचंय ते गिळायला लावणंही नव्हे. कुठल्याही शाळेची नव्हे, सरकारीसुद्धा. हे म्हणताना आवाज आपोआप खाली गेला. दार उघडं होतं. समोरच्या ओट्यावर कोण कोण बसलंय ते येतानाच पाहून ठेवलं होतं.

संपलं. माग चालूच होता. नरसय्याने मान खाली घातली. मी छत्री उचलली.

"खांबापर्यंत गेलं नाही, सर."

धोट्याच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही म्हणावं, तर बाप ताडकन उठला होता. आईच्या हातातली कांडी खाली पडली. अंबादास मागाकडेच बघत होता. आवाज बसलेला, गंजल्यासारखा. पण त्याचा.

 मग दारात गेलो. उंबऱ्यावर उभा राहिलो, तोंड आळीकडे करून. समोर मारुतीच्या देवळाचा खांब आहे, आळीच्या टोकाला. त्याच्याशी बोललो. पहिल्यापासून, सगळं. किल्ली, 'थँक यू', शिस्त, सरकार, सगळं. इतक्या मोठ्याने मी माझ्या लग्नातसुद्धा नाव घेतलं नव्हतं. पहिल्यांदा शेजारचा माग थांबला, मग त्याच्या पलीकडचा. ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. एकजण हळूच उठून चौकीच्या दिशेने गेला, तोही दिसला. थांबलो नाही.

पुरं झाल्यावर पाठीमागे काही वाजत नव्हतं. वळलो. अंबादासने धोटा मांडीवर ठेवला होता. माझ्याकडे बघत होता. मग पुन्हा माग सुरू केला.

नरसय्या आळीच्या टोकापर्यंत पोचवायला आला. मला म्हणाला, "एकच बोललं."

"एक बोलला," मी म्हटलं.

सोम., ८ डिसें.

इमामसाब निरोप घेऊन घरी आला. उद्या साडेदहाला हे.मां.च्या खोलीत. कचेरीचा माणूस असणार. कालचं सगळं पोचलंय, बहुधा अक्षरन् अक्षर. 'मास्तरांना त्यांची बाजू मांडायची पूर्ण संधी दिली जाईल,' असा निरोप. इमामसाबने तो मराठीत पाठ करून आणला होता. जाताना स्वतःचं म्हणाला, "घंटी मेरे पासच रहती, मास्टर. तुम बोलते रहो."

अंबादास आज पुन्हा बोललेला नाही, असं नरसय्याने कळवलं. पण सकाळी उठून शाळेचा सदरा काढून घडी मोडून बघितला, परत ठेवला. याचा अर्थ काय लावायचा, मला कळत नाही. बापालाही नाही.

रमाने कोट झटकून खुंटीला लावला. म्हणाली, "उद्या काय बोलायचं ते ठरलंय?"

म्हटलं, ठरलंय. चिठ्ठी काढायची गरज नाही.

"आणि मग ते म्हणाले, बरं, झालं ते झालं, आता शनिवारी पोरांसमोर उलट बाजूने बोला आणि प्रकरण मिटवा, तर?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. नियम माझाच. पोरांनाही तो माझ्यामुळेच माहीत.

"शनिवार लांब आहे," मी म्हटलं.

"दर आठवड्याला येतो की," ती म्हणाली आणि कंदील आत घेऊन गेली.